खरवडीचा आवाज ऐकणाऱ्या कुंदाताई

कुंदाताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त गौरव अंक निघतोय आणि त्यात तुमचा लेख हवा, असा निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं होतं. माझा धंदा साउंड सिस्टिमचा. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये छोटं दुकान आहे, राहायला अंबरनाथला. लग्न, हळद, जयंती, सत्यनारायण, उद्घाटन, जिथे चार माणसं जमून पाचव्याला बोलू देतात तिथे माझे स्पीकर असतात. दुसऱ्यांची भाषणं ऐकण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. स्वतः मी माइकसमोर 'हॅलो, चेक' यापलीकडे कधी गेलो नाही. पण अंकाचं काम पाहणाऱ्या वैशाली मला म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, तुमच्या आईंचं ते तुम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार?" मग बसलो लिहायला. चुकलंमाकलं तर वाचकांनी वैशालींना धरावं.

ताईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकतो. अंबरनाथला एका मैदानात जयंतीचा कार्यक्रम होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं. एवढ्यात श्रोत्यांतून एक बाई उठल्या, स्टेजच्या डाव्या बाजूच्या स्पीकरपाशी आल्या, पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक स्पीकरच्या खोक्याला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी धावत गेलो. म्हटलं, "बाई, हा देव्हारा नाही, हात लावू नका." त्या शांतपणे म्हणाल्या, "आत काहीतरी सैल झालंय. अर्ध्या तासात बसेल." मी त्यांना काय बोललो ते गौरव अंकात छापण्यासारखं नाही. बरोबर अर्ध्या तासाने, प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि डावा स्पीकर बसला.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. तेव्हा कळलं की त्या आनंदनगर एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहेत. चालू पंपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, कानाला लावायचा आणि आतलं बेअरिंग ठीक आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. मशीन आली, मीटर आले, तरी शेवटचा शब्द ताईंचाच असे. मला म्हणाल्या, "पंप बिघडायच्या आधी बोलतो रे. आपण मोठ्याने बोलणाऱ्याचंच ऐकतो, म्हणून फसतो." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढे फार मोठी ठेच लागायची होती.

कंपनीच्या कामगारांची नाटकं ताईंनी वर्षानुवर्षं बसवली, त्याबद्दल या अंकात इतर मंडळी लिहितीलच. माझा संबंध त्यांच्या एकुलत्या एका सिनेमाशी. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना ताईंनी जाहीर केलं की आपण पिक्चर करायचा आणि तो भुताचा करायचा. आम्ही अकरा जण होतो. कुणी वेल्डर, कुणी पॅकिंगला, वैशाली अंगणवाडीत. एक कॅमेरा मागून आणलेला आणि साउंडला मी. शूटिंग ताईंच्याच घरी, बदलापूरच्या शिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडच्या कंपन्यांची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून शुक्रवारी शूटिंग, तेही दुपारी एक ते चार. माझ्या शेजारचे दुकानदार सिंधी. ते मला चिडवायचे, "साईं, भूत का पिक्चर दिन में कौन बनाता है?" मी हा प्रश्न ताईंना विचारला. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची जेवणं झालेली असतात, घर झोपलेलं असतं आणि एकटी बाई स्वयंपाकघरात असते. त्या वेळेला तिच्याकडे कुणीच बघत नाही. मला तर त्याचीच भीती वाटते."

सिनेमाचं नाव 'खरवड'. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक आई आहे. ती सगळ्यांना वाढते आणि शेवटी भाताच्या टोपाच्या तळाला लागलेली खरवड काढून खाते. घरचे तिचं फार कौतुक करतात. 'आमची आई म्हणजे त्यागाची मूर्ती' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आणि रोज ती थोडी थोडी नाहीशी होत जाते. आधी तिचं ताट मांडणीवरून जातं. मग फोटोतली तिची जागा रिकामी दिसायला लागते. मग घरच्यांना तिचं नाव आठवत नाही. शेवटी स्वयंपाकघरात कुणीच नसतं, टोपाला उलथनं लागल्याचा खर्र खर्र आवाज तेवढा येत राहतो. जेवण मात्र वेळेवर येतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येत नाही. सगळे पोटभर जेवतात आणि सिनेमा संपतो. रक्त नाही, किंकाळी नाही, पांढरी साडी तर नाहीच.

आमचा पहिला दिवस मात्र विनोदी गेला. खरवड हवी होती आणि अकरा जणांपैकी माझं घर सोडलं तर एकाच्याही घरी टोपात भात होत नव्हता, सगळीकडे कुकर. शेवटी टोप आणला, भात चढवला आणि खिडकीतून येणारं ऊन टोपावर नेमकं कसं पडेल, यावर आमची अशी काही चर्चा रंगली की धूर झाला तेव्हाच सगळ्यांना भाताची आठवण आली. ताईंनी झाकण काढून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरांनो, याला खरवड म्हणत नाहीत, याला कोळसा म्हणतात. आईवर पिक्चर काढणारी अकरा माणसं, आणि भाताकडे बघायला एक नाही." त्या दिवशी आम्ही शूटिंग न करता वडापाव खाल्ले.

ताईंची काम करायची एक रीत होती. तयार आवाज त्यांना चालत नसे. मोबाइलवर हजार आवाज फुकट मिळतात, पण नाही. दार, बांगड्या, नळ, सगळं खऱ्या घरातलं पाहिजे. शेवटच्या प्रसंगासाठी त्यांना बाई जेवतानाचा आवाज हवा होता. त्यांनी सगळ्यांना गृहपाठ दिला, "पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या आईच्या जेवणाचा आवाज आणायचा. फोनवर केलात तरी चालेल."

पुढच्या शुक्रवारी अकरा जण आले आणि एकाकडेही आपल्या आईचा आवाज नव्हता. दोघांच्या आया हयात नव्हत्या. वैशाली म्हणाल्या, "ताई, आई कधी जेवते तेच मला माहीत नाही. विचारलं की म्हणते, झालं मघाशीच." एकाने विचारलं, "सासूबाईंचा आणलाय, चालेल का?" सगळे हसले. ताई पण हसल्या, म्हणाल्या, "तिच्या मुलीला दे तो. तिच्याकडे नसेल." मला वाटतं, सिनेमा कशावर आहे हे त्या दिवशी आम्हाला खऱ्या अर्थाने समजलं.

आता माझ्यावर आलं. मी साउंडवाला, मीच पुन्हा हात हलवत आलो म्हणजे नाचक्की. घरी मी, माझी बायको सुनीता आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई अजूनही भात टोपातच करते, कुकरच्या भाताला चव नसते म्हणते. मी माइक घेऊन तिच्यासमोर बसलो तर तिने ताट बाजूला सारलं. "हे काय रे नवीन? मी जेवले मघाशी." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. छोटा रेकॉर्डर चालू करून पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि दुकानात निघून गेलो. सुनीताही कामावर गेली होती.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं आणि मी हरखलो. टोपाला उलथनं लागतंय, खर्र, खर्र. मग बराच वेळ शांतता. मग पाण्याचं भांडं टेकवल्याचा आवाज. बारीक खोकला. पुन्हा पाणी. पुन्हा खूप वेळ काही नाही. मग सगळं ताट परत टोपात ओतल्याचा आवाज, आणि एक सुस्कारा. अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. असा आवाज कोणत्याही मोठ्या स्टुडिओत मिळाला नसता. आपल्या सिनेमाचं भूत सापडलं, असंच मला वाटलं.

शुक्रवारी मी तो ताईंच्या कानाला लावला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." परत लावला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा मी मैदानात त्यांना स्पीकर तपासताना पाहिला होता तसा झाला. हेडफोन काढून त्यांनी आधी विचारलं, "आईंना सांगून केलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर मिळालाच नसता."

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "त्यांना गिळता येत नाहीये, मिलिंद. प्रत्येक घासाला पाणी लागतंय आणि तरी तो जात नाही. शेवटी त्यांनी ताट तसंच परत ओतलंय. किती दिवस चाललंय हे?"

मला माहीतच नव्हतं. मी एकाच घरात राहत होतो. गेले काही महिने आईच्या साडीच्या निऱ्या वाढत चालल्या होत्या, नेसताना कमरेला पुढे मोठा झुबका दिसायचा, ते मी पाहत होतो आणि वयामुळे वाळली म्हणत होतो. जगाच्या स्पीकरमधली खरखर मला लांबून ऐकू येते. आईचं मला ऐकू आलं नव्हतं. लिहिताना आत्ताही लाज वाटते.

दुपारचे दोन वाजले होते. आईचं काम करणाऱ्या वैशाली साडी नेसून, केस मोकळे सोडून कॅमेऱ्यासमोर तयार होत्या. ताईंनी शूटिंग थांबवलं, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बघ." बदलापूरहून आम्ही थेट अंबरनाथ गाठलं. ताई आमच्या घरी आल्या, आईजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आई, मी जेवले नाहीये. दोघींचं वाढून घेऊ?" पाहुणीला नाही कसं म्हणणार? आई जेवायला बसली. तीन घासांत तिचे डोळे पाण्याने भरले. तरी म्हणते कशी, "काय नाय झालंय मला. घसा कोरडा पडतो जरा." ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पोराला का नाही सांगितलं?" आई म्हणाली, "त्याचा सीझन चालू आहे ना लग्नाचा."

त्याच संध्याकाळी आम्ही आईला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. अन्ननलिका खाली अगदी अरुंद झाली होती आणि तिथे एक गाठही होती. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ताई रोज कंपनीतून सुटल्यावर यायच्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसायच्या. गाठ साधी निघाली. दुर्बीण घालून नलिका रुंद केली, गाठ काढली, पुन्हा पुन्हा जावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर त्यांच्या अंगात हे सोसायची ताकदच राहिली नसती.

या काळात सिनेमा पूर्ण बंद होता. एका महोत्सवाला पाठवायची मुदत जवळ आली होती आणि आमच्यातल्या काहींनी सुचवलं की दुसरा साउंडवाला घेऊ. त्यांचंही चुकलं नव्हतं, सगळ्यांनी सुट्ट्या त्यात घातल्या होत्या. ताईंनी एकदाच सांगितलं, "आईवर पिक्चर काढायचा म्हणून याच्या आईला वाऱ्यावर सोडायचं का? मग आपला पिक्चर आपल्यावरच काढावा लागेल." मुदत गेली. त्याबद्दल त्यांनी नंतर कधी अवाक्षर काढलं नाही.

आई बरी झाल्यावर मी पुन्हा तो विषय काढला. आवाज वापरू या म्हटलं. आईला मी सगळं कबूल केलं होतं, चार शिव्याही खाल्ल्या होत्या, पण तिची हरकत नव्हती. उलट ती ताईंना म्हणाली, "वापर की गं. माझा आवाज पिक्चरमध्ये येईल." ताई म्हणाल्या, "नको आई. लोकांना घाबरायचं तर भुताला घाबरू देत. तुमच्या दुखण्यावर टाळ्या नकोत मला." आणि ते रेकॉर्डिंग त्यांनी मला त्यांच्यासमोर पुसायला लावलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मी पुसलं.

मग आई स्वतः शिरगावला आली. वैशालींना उलथनं धरायला शिकवलं. "मधोमध नाही ओरबाडायचं. कडेकडेने काढायची, मग आख्खी निघते." सिनेमात जो खर्र खर्र आवाज आहे तो माझ्या आईच्या हाताचा आहे, तिला विचारून, तिच्यासमोर माइक ठेवून घेतलेला. जेवणाच्या आवाजाची जागा ताईंनी रिकामी ठेवली. तिथे काहीच ऐकू येत नाही. बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा त्या शांततेत मागच्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला. मला वाटलं कंटाळला. बाहेर जाऊन पाहिलं तर तो फोनवर विचारत होता, "आई, जेवलीस का?"

त्या खेळाला आई पुढच्या रांगेत होती. नावं पडद्यावर घालायच्या वेळी ताईंनी तिला नाव विचारलं होतं. आई म्हणाली होती, "मिलिंदची आई लिहा." ताई म्हणाल्या, "आपल्या पिक्चरमध्ये सगळे तेच करतात. नाव सांगा." त्यामुळे शेवटी पडद्यावर 'खरवड: गयाबाई' असं आलं. आईने एकेक अक्षर लावत ते वाचलं. मग माझ्याकडे न बघता ताईंचा हात धरून बसून राहिली.

गौरव लेखात उणीव दाखवू नये म्हणतात, पण मी साउंडवाला आहे, खरखर ऐकू आली तर गप्प बसवत नाही. ताई, शिरगावात किती शुक्रवार आम्ही तुमच्या हातचं जेवलो. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला वांगं चालत नाही, सगळं तुम्हाला पाठ. आणि आमची जेवणं झाल्यावर तुम्ही काय करत होता? 'झालं माझं मघाशीच' हे वाक्य मी माझ्या घरापेक्षा तुमच्या घरी जास्त वेळा ऐकलं आहे. एकदा मी पाणी प्यायला आत आलो तर तुम्ही ओट्यापाशी उभ्यानेच टोप खरवडत होता. मला बघून म्हणालात, "शूटिंगचा प्रॉप आहे रे, भात वाया कशाला घालवायचा." मी तेव्हा हसलो. खरं तर मला बोलायला हवं होतं.

म्हणून आता बोलतो. सत्काराच्या दिवशी भाषणांच्या आधी जेवण आहे, आणि पहिल्या पंगतीला दोनच पाट मांडले जातील. एक तुमचा, एक माझ्या आईचा. वाढायला आम्ही अकरा जण आहोत. भात टोपात होईल आणि या वेळी त्याच्याकडे लक्ष ठेवायला माणूस नेमला आहे. आईने निरोप दिलाय तो जसाच्या तसा देतो: "कुंदाला सांग, माझ्या आधी उठायचं नाही. मला वेळ लागतो जेवायला." तिला खरोखर वेळ लागतो. एकेक घास सावकाश खाते, पण ताट पुसून उठते.

ताई, तुमचं आयुष्य खूप मोठं असावं, कान असेच तीक्ष्ण राहावेत, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि आमच्यासारख्या बहिऱ्यांना तुम्ही असंच धारेवर धरत राहावं, ही तुमच्या सगळ्या मंडळींची इच्छा आहे. माझी आणखी एक आहे. त्या दिवशी पंगतीत माइक मी लावणार आहे. पिक्चरसाठी नाही, माझ्याजवळ ठेवायला. मागच्या वेळी न विचारता केलं होतं, म्हणून या वेळी सगळ्यांसमोर आधी विचारतो: तुमच्या जेवणाचा आवाज मी घेऊ का?